हबशी इतिहास आणि जालन्याची महाविद्यालये

अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी वर्षातला एक महिना राखून ठेवलेला असतो. त्या महिन्यात महाविद्यालयांत व्याख्याने होतात, प्रदर्शने लागतात, विसरलेल्या माणसांची नावे पुन्हा घेतली जातात. ही प्रथा जालन्यासारख्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी उचलावी का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच येईल : आपल्याला आपले प्रश्न कमी आहेत का? पाण्याची ओरड, शेतमालाचे भाव, पदवीनंतरची बेकारी सोडून हे परक्यांचे सण कशाला? हे उत्तर समजण्यासारखे आहे, पण ते एका चुकीच्या गृहीतकावर उभे आहे. आफ्रिकी वंशाच्या माणसांचा इतिहास म्हणजे सातासमुद्रापलीकडची गोष्ट, हे ते गृहीतक. जालना जिल्ह्यात हा इतिहास तीन वाटांनी आलेला आहे : सतराव्या शतकातल्या राज्यकारभारातून, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मराठी विचारातून आणि त्याहून कितीतरी आधी शेतातल्या पिकांतून. त्यामुळे इथल्या महाविद्यालयांनी तो साजरा करणे म्हणजे कुणाची नक्कल करणे नव्हे. आपल्याच जिल्ह्याचा वाचायचा राहिलेला भाग वाचणे आहे. मात्र त्यासाठी साजरे करण्याची आपली रीत बदलावी लागेल.

आधी मूळ प्रथेकडे पाहू, कारण तिच्याविषयीचा गैरसमज तिथूनच सुरू होतो. कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. वुडसन यांनी तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९१५ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली, पुढच्याच वर्षी संशोधनाचे नियतकालिक सुरू केले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९२६ साली, फेब्रुवारीतला एक आठवडा या इतिहासासाठी जाहीर केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कागदपत्रे, मग नियतकालिक, मग उत्सव. आठवड्याच्या निमित्ताने शाळांना पाठ, चित्रे आणि वाचनसाहित्य मिळावे, अशी त्यांची खटपट असे. आठवड्याचा महिना झाला तो विद्यार्थ्यांमुळे. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि १९७० साली तिथे पहिल्यांदा महिनाभर कार्यक्रम झाले. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर १९६८ पासून मार्च १९६९ पर्यंत संप केला. त्यातून वांशिक अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. अमेरिकी अध्यक्षांनी या महिन्याला मान्यता दिली ती १९७६ साली, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. इंग्लंडमध्ये ही प्रथा १९८७ साली, ऑक्टोबर महिना ठरवून सुरू झाली. थोडक्यात, हा महिना सरकारी परिपत्रकातून निघालेला नाही. तो ग्रंथालयातून आणि आंदोलनातून आला.

आता जालन्याकडे येऊ. दख्खनच्या इतिहासातले सर्वांत मोठे आफ्रिकी नाव मलिक अंबरचे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदादमार्गे दख्खनेत पोचला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच, म्हणजे आफ्रिकी वंशाचा, होता. १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकल्यावर निजामशाही संपली असेच सर्वांना वाटत होते. मलिक अंबरने परांड्याला दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि पुढची सव्वीस वर्षे, १६२६ साली मरेपर्यंत, ते राज्य तगवून धरले. आज ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्या युद्धपद्धतीत मराठा घोडदळाला घेऊन त्याने मोगल सैन्याला जेरीस आणले. १६१० साली त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी केवळ उताराच्या बळावर जमिनीखालून पाणी आणत होती. जमिनीची प्रत आणि पिकाचा अंदाज पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी रुजली की मलिकअंबरी धारा हा शब्द महसुलाच्या बोलण्यात टिकून राहिला. शिवकाळातल्या जमीन महसुलाची चर्चा करताना अभ्यासकांना याच पद्धतीपासून सुरुवात करावी लागते. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवले. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचे वर्णन आहे. शिवचरित्राच्या पहिल्याच प्रकरणात एक आफ्रिकी माणूस उभा आहे, एवढे तरी यातून निर्विवाद दिसते.

या माणसाचा जालन्याशी संबंध ओढूनताणून लावावा लागत नाही. आजच्या बदनापूर तालुक्यातल्या रोषणगावला १६१६ साली मलिक अंबर आणि शाहनवाझखानाच्या मोगल फौजेत मोठी लढाई झाली. अंबरचा पराभव झाला आणि विजयी मोगलांनी पुढे जाऊन खडकी उद्ध्वस्त केली. जहांगीर बादशहाचा अंबरवरचा राग इतका होता की चित्रकार अबुल हसनने, अंबरच्या भाल्यावर रोवलेल्या मस्तकावर जहांगीर बाण सोडतो आहे, असे चित्र काढले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. तो त्यानंतर दहा वर्षे जगला, भातवडी जिंकला आणि मरणानंतर खुलताबादला आपल्या मकबऱ्यात विसावला. हे चित्र आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. ज्या लढाईच्या काळात ते निघाले, तिचे मैदान मात्र जालन्याच्या विद्यार्थ्याला एसटीने गाठता येते. खुद्द जालना शहरात याच काळाच्या खुणा आहेत. मलिक अंबरच्या काळात इथला कारभार जमशेदखानाकडे होता. काळी मशीद, मोती तलाव आणि तलावाचे पाणी भूमिगत नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत नेण्याची व्यवस्था ही त्याची कामे म्हणून नोंदलेली आहेत. टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढणाऱ्या शहरातल्या मुलांना चारशे वर्षांपूर्वीची पाणीव्यवस्था हा कोरडा विषय वाटण्याचे कारण नाही. स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तिचा उतार मोजावा, भूगोलाच्या विद्यार्थ्याने तलावाचे पाणलोट क्षेत्र काढावे, उर्दू-फारसीच्या विद्यार्थ्याने शिलालेख वाचावेत, इतके काम तिथे पडून आहे.

मलिक अंबर हा एकटा अपवाद नव्हता, हेही या आढाव्यात सांगायला हवे. अपवाद म्हणून कौतुक करणे सोपे असते. परंपरा म्हणून स्वीकारणे अवघड. दिल्लीत रझिया सुलतानाच्या दरबारी याकूत होता, विजापुरात इखलासखान होता, अहमदाबादेत सोळाव्या शतकातली सीदी सय्यदची जाळीची मशीद आहे. कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दींचे, म्हणजे हबशींचेच, संस्थान १९४८ पर्यंत टिकले. निजामाच्या हैदराबादेत आफ्रिकी घोडेस्वारांचे पथक होते. त्याच्या नावावरून तिथली एसी गार्ड्स ही वस्ती आजही ओळखली जाते. जालना १९४८ पर्यंत त्याच राज्यात होते. पण या सरदारकीच्या पलीकडे सामान्य सिद्दींचा वर्तमानकाळ आहे. गुजरातेत आणि उत्तर कन्नडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या जंगलांत सिद्दी समाज राहतो. तिथल्या अनेकांच्या घरची बोली कोकणी-मराठीच्या जवळची आहे. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले आणि २०२३ साली गुजरातच्या हिराबाई लोबी यांना पद्मश्री मिळाली. इतिहासातले सेनापती आणि आजचे जंगलातले मजूर यांच्यामधल्या उताराचा अभ्यास झाला नाही, तर हबशी इतिहास साजरा करणे म्हणजे फक्त तलवारी मोजणे ठरेल.

दुसरी वाट विचारांची. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केले, कारण त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले होते. अमेरिकेतली गुलामगिरी घटनेने रद्द होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने ती बातमी केवळ परदेशवार्ता म्हणून वाचली नाही. आपल्या समाजाच्या परिस्थितीवर लावून पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, कृष्णवर्णीयांच्या हार्लेमच्या शेजारी. १९४६ साली त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. डु बॉइस यांनी त्याच महिन्यात सहानुभूतीचे उत्तर पाठवले. हा धागा पुढे मराठवाड्याच्या महाविद्यालयांतच विणला गेला. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या, नंतर मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा सुरू केली. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर स्थापन केली, तेव्हा नाव घेतले ते १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरवरून. ज्या दशकांत अमेरिकेतल्या महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाची पायाभरणी होत होती, त्याच दशकांत मराठवाड्यात तिच्यावर मराठीतून विचार चालू होता. हे स्वतंत्र वाचन होते. त्याला कुणाचे अनुदान नव्हते, आदेशही नव्हता.

तिसरी वाट सर्वांत जुनी, आणि इतिहास विभागाच्या बाहेरची. ज्वारी हे ईशान्य आफ्रिकेतले पीक आहे. सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी ती लागवडीखाली येत असल्याचे पुरावे मिळाले आहेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या साहेलची, चवळीही आफ्रिकेची, चिंचेचे मूळही तिकडचेच. मराठवाड्याच्या गावांत एखाद्या दर्ग्याजवळ किंवा किल्ल्याच्या आवारात दिसणारी जाड बुंध्याची गोरखचिंच हा आफ्रिकी वृक्ष आहे. जालना हे तर बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांच्या धंद्याने नाव कमावलेल्या शहरात भाकरीचे मूळ आफ्रिकेत आहे, हे वनस्पतिशास्त्राच्या तासाला सांगितले गेले तर विविधता हा शब्द भाषणातून ताटात उतरेल. कोरडवाहू जमिनीवर कमी पाण्यात तग धरणारे पीक हजारो वर्षे निवडत, सुधारत आणणाऱ्या शेतकऱ्यांची नावे कुणाला माहीत नाहीत. तरीही ते ज्ञान होते आणि ते आफ्रिकी माणसांचे होते. आफ्रिकेकडे फक्त गुलामगिरीच्या खिडकीतून पाहण्याची सवय मोडायला याहून चांगला पुरावा नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला असा : वर्णद्वेष हा गोऱ्यांचा आजार आहे, तो आपल्याकडे नाही, मग औषध कशाला? या समजाविरुद्ध पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अफवा उठल्या आणि जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये मारहाण केली. जानेवारी २०१६ मध्ये बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला होता. दोन्ही ठिकाणी बळी पडलेले लोक विद्यार्थी होते, म्हणजे हा थेट महाविद्यालयांचा विषय आहे. २०२० साली वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमी याने आयपीएलमध्ये आपल्याला 'कालू' म्हणत, त्याचा अर्थ आपल्याला नंतर कळला, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'ला आपल्या नावातला गोरेपणा काढावा लागला, पण लग्नाच्या जाहिरातींतली 'गोरी' काही गेली नाही. संभाजीनगर आणि पुण्याच्या विद्यापीठांत आफ्रिकी देशांतले विद्यार्थी शिकायला येतात. जालन्याची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच विद्यापीठाच्या आवारात आपल्या मुलांना उद्या त्यांच्या शेजारी बसायचे आहे. शेजारी बसण्याचे शिक्षण आधीच द्यावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मलिक अंबरचा गौरव करायचा, पण त्याच्या स्वतःच्या सैन्यात हजारो हबशी गुलाम होते. जंजिऱ्याच्या सिद्दींशी तर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज आयुष्यभर झुंजले. मग कोणत्या तोंडाने साजरे करायचे? या आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. दख्खनेतली गुलामी अटलांटिकच्या मळ्यांतल्या गुलामीसारखी नव्हती. तिथे गुलामाचा पोर पिढ्यान्‌पिढ्या गुलामच राहत असे, इथे लष्करी गुलाम सेनापती होऊ शकत होता. पण तो वर चढला म्हणून गुलामी सौम्य होती असे नाही. घरापासून तोडून विकला गेलेला मुलगा पुढे पेशवा झाला तरी तोडण्याची क्रूरता कमी होत नाही. रोषणगावची लढाई या बाबतीत चांगली शिक्षक आहे. त्या लढाईपूर्वी लखुजी जाधवांसारखे मराठे सरदार तर अंबरला सोडून मोगलांकडे गेलेच, पण याकूतखानासारखे हबशी सरदारही गेले. म्हणजे निष्ठेची रेघ रंगावरून ओढलेली नव्हती, धर्मावरूनही नव्हती. वतन, मान, जहागिरी आणि वैर यांच्या हिशोबात ती रोज नव्याने आखली जात होती. ज्यांना इतिहासात सगळे आपले एका बाजूला आणि सगळे परके दुसऱ्या बाजूला हवे असतात, त्यांना हे रुचणार नाही. नेमके म्हणूनच ते वर्गात शिकवले पाहिजे. महिना साजरा करणे म्हणजे आरती करणे, असे मानले तरच हा आक्षेप टिकतो.

तिसरा आक्षेप माझ्या मते सर्वांत वजनदार आहे. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला, त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, तिथे विविधतेचे उत्सव भरवणे म्हणजे जातीच्या प्रश्नावर रंगीत पडदा टाकणे नाही का? दूरच्या अन्यायावर अश्रू ढाळणे स्वस्त असते, गावातल्या पाणवठ्याविषयी बोलणे महाग पडते. हा धोका खरा आहे. नुसत्या वेशभूषा स्पर्धेत तो पुरेपूर आहे. पण फुले आणि आंबेडकर यांनी दाखवलेला मार्ग याच्या उलट जातो. त्यांनी दूरचा अन्याय जवळचा अन्याय झाकायला वापरला नाही, ओळखायला वापरला. जात आणि वंश एकच नव्हेत. जातीला कातडीचा रंग लागत नाही, तिला शुद्धाशुद्धतेची आणि विवाहबंदीची व्यवस्था पुरते. ही साम्ये आणि हे भेद नीट मांडले की दोन्ही प्रश्न जास्त स्पष्ट होतात. आता तर उलटा प्रवासही सुरू झाला आहे. २०१९ साली ब्रँडाइस विद्यापीठाने आणि २०२२ साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. अमेरिकेतली महाविद्यालये आपल्याकडची जात समजून घेऊ लागली असताना, आपण त्यांच्याकडचा वंशभेद वाचण्याचे टाळणे हे स्वाभिमानाचे लक्षण ठरत नाही. म्हणून अट एवढीच असावी : आफ्रिकी इतिहासावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात जिल्ह्यातल्या विषमतेवर एक सत्र असलेच पाहिजे.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. ग्रामीण महाविद्यालयाकडे पैसा नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, परीक्षांचे वेळापत्रक डोक्यावर आहे, आणि दिन साजरे करण्याची यादी आधीच लांब आहे. या तक्रारीत तथ्य आहे, म्हणूनच आणखी एक दिन नको. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडलेले उपक्रम यांना श्रेयांक आहेत. मोती तलावाच्या नळयोजनेचा नकाशा, रोषणगाव परिसरातल्या कथा आणि वास्तूंची नोंद, ज्वारीच्या स्थानिक वाणांचा संग्रह, फुल्यांपासून पँथरपर्यंतच्या मराठी लेखनाची वर्णनात्मक सूची, हे सगळे त्याच श्रेयांकांत बसते. त्याला वेगळा मंडप, पाहुण्यांचे मानधन आणि फलक लागत नाहीत. शिवाय जालन्याला विविधता बाहेरून आणायची नाही. जे.ई.एस. महाविद्यालयाच्या पूर्ण नावातच कला शाखेला बगडिया, वाणिज्यला लाखोटिया आणि विज्ञानाला बेझनजी ही नावे लागलेली आहेत. शहरात मराठीबरोबर दखनी, मारवाडी आणि गोरमाटी ऐकू येते, आणि स्टीलच्या कारखान्यांत उत्तरेकडचे मजूर राबतात. या सगळ्यांच्या इतिहासांना जागा देणारी पद्धत एकदा बसली की आफ्रिकी इतिहास त्यात पाहुणा राहणार नाही.

वुडसन यांच्या आठवड्याचा टिकाऊपणा त्याच्या मागच्या दहा वर्षांच्या संशोधनात होता. आपल्याकडे उत्सव आधी होतो आणि संशोधन राहून जाते; मग पुढच्या वर्षी तेच भाषण नव्या हाराबरोबर परत येते. जालन्याच्या महाविद्यालयांनी हा क्रम पालटावा. एखाद्या महाविद्यालयाने हबशी इतिहास खरोखर साजरा केला की नाही, हे ठरवायला टाळ्या आणि छायाचित्रे उपयोगी नाहीत. वर्ष संपताना ग्रंथालयात या विषयावर विद्यार्थ्यांनी लिहिलेली, पुढच्या तुकडीला वापरता येईल अशी किती पाने वाढली, एवढेच तपासावे. पाने वाढली असतील तर महिना कोणता निवडला, कार्यक्रमाला नाव काय दिले, याला फारसे महत्त्व उरत नाही. आणि वाढली नसतील तर कितीही मोठ्या कार्यक्रमाने ती उणीव भरून निघत नाही.